स्वतःचा फँटसी कन्सोल बनवताना: आधी मर्यादा, मग कोड

तुमचा प्रश्न असा आहे: सी आणि जावास्क्रिप्ट चांगलं येतं, पिको-८ या फँटसी कन्सोलवर (प्रत्यक्षात नसलेल्या, जुन्या धाटणीच्या गेम-यंत्राची सॉफ्टवेअर आवृत्ती) तीन-चार छोटे गेम करून झालेत, आता तसाच एक साधा फँटसी कन्सोल स्वतः बनवायचा आहे. त्यासाठी प्रोसेसरचं एम्युलेशन, म्हणजे प्रोसेसरची सॉफ्टवेअरमधली नक्कल, लिहावं लागतं का, भाषा स्वतःची काढावी का, आणि सुरुवात कुठून करावी?

पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. सुरुवात एका पानाच्या आराखड्यापासून करा. एडिटर आणि ग्राफिक्स नंतर. मी आजवर असे तीन कन्सोल केले. पहिला अर्धवट राहिला, आणि त्याचं कारण तांत्रिक नव्हतं. स्क्रीनचा आकार आणि रंगांची संख्या मी ‘नंतर ठरवू’ म्हणून मोकळी ठेवली होती. स्क्रीन बदलली की फॉन्ट बदलायचा, फॉन्ट बदलला की आधी लिहिलेले गेम मोडायचे. असल्या कन्सोलवर गेम करायला कोणी बसत नाही.

आधी एम्युलेशनचं. फँटसी कन्सोल म्हणजे कारखान्यात कधीच न बनलेलं यंत्र. या कल्पनेचा पूर्वज चिप-८. जोसेफ वाइसबेकर यांनी १९७० च्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीच्या कॉस्मॅक व्हीआयपी या संगणकासाठी ही छोटी इंटरप्रीटेड भाषा तयार केली. ६४ × ३२ पिक्सेलची एकरंगी स्क्रीन, ४०९६ बाइटची मेमरी, १६ कळा आणि जेमतेम ३५ सूचना. पहिले ५१२ बाइट इंटरप्रीटरसाठी राखलेले, गेम त्यानंतर सुरू. सूचना वाचणं, तिचा अर्थ लावणं, ती पार पाडणं हे चक्र हाताखालून जावं असं वाटत असेल तर आधी चिप-८ लिहून काढा; दोन सुट्ट्यांचं काम आहे आणि शिकायला फार मिळतं. पण स्वतःच्या कन्सोलमध्ये तो थर घालू नका. तिथे गेम करणाऱ्याला असेंब्ली लिहायची नसते; त्याला संध्याकाळी बसून रात्रीपर्यंत उडी मारणारं पात्र पडद्यावर बघायचं असतं.

आता ते पान. माझा सल्ला: १२८ × १२८ पिक्सेल, १६ ठरलेले रंग, चार दिशा आणि दोन बटणं, आवाजाचे चार चॅनेल. यातला बराचसा भाग पिको-८ सारखाच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, कारण हे आकडे एकमेकांत नीट बसतात. १६ रंग म्हणजे पिक्सेलला ४ बिट, एका बाइटमध्ये दोन पिक्सेल, पूर्ण स्क्रीन ८१९२ बाइटमध्ये. स्प्राइटचा, म्हणजे गेममधल्या छोट्या चित्रांचा, तक्ताही १२८ × १२८ ठेवला की तोही ८१९२ बाइट, आणि त्यात ८ × ८ चे बरोबर २५६ स्प्राइट मावतात. म्हणजे स्प्राइटचा क्रमांक एका बाइटमध्ये बसतो. मग नकाशाच्या प्रत्येक चौकोनालाही एकच बाइट पुरतो, आणि १२८ × ६४ चौकोनांचा नकाशा पुन्हा ८१९२ बाइटचाच. टिक-८० या दुसऱ्या फँटसी कन्सोलने २४० × १३६ घेतलं, आडवी स्क्रीन हवी असेल तर ते छान आहे. वॅझम-४ या आणखी एका कन्सोलने १६० × १६० आणि एका वेळी फक्त चार रंग घेतले. तिथे पिक्सेलला दोनच बिट लागतात आणि स्क्रीन ६४०० बाइटमध्ये आटोपते. तुम्ही कोणतेही आकडे घ्या, पण ते असे एकमेकांना धरून असले पाहिजेत.

मर्यादा कशावर घालायची हा खरा विचार आहे. छोटा गेम अडतो तो चित्रं, आवाज आणि नकाशे संपत नाहीत म्हणून. तेव्हा मर्यादा तिथे घट्ट असू द्या. कोडवर घालताना मात्र जपून. कोडची लांबी नुसत्या बाइटमध्ये मोजलीत तर लोक कॉमेंट पुसतात, व्हेरिएबलची नावं एका अक्षराची करतात, आणि नवख्याला दुसऱ्याचा गेम उघडून शिकता येत नाही. पिको-८ ची ८१९२ टोकनची (टोकन म्हणजे नाव, आकडा, चिन्ह असा कोडचा एकेक तुकडा) मर्यादा मला म्हणूनच फार विचारपूर्वक घातलेली वाटते: टोकन मोजताना कॉमेंट धरत नाहीत, आणि नाव कितीही लांब असलं तरी ते एकच टोकन. मर्यादा आहे, पण वाचनीयतेला दंड नाही.

पान तयार झालं की मुख्य लूप. इथली एक चूक जवळजवळ सगळे करतात आणि मीही केली. ब्राउझर दर फ्रेमला तुमचं फंक्शन बोलावतो, तेव्हा आपण तिथेच गेमचं एक पाऊल पुढे टाकतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सगळं सुरळीत. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तोच गेम २.४ पट वेगाने धावतो. माझा चेंडू-फळीचा गेम एका मित्राच्या संगणकावर खेळताच येईना, तेव्हा मला हे कळलं. उपाय जुना आणि पक्का आहे. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो एका व्हेरिएबलमध्ये साठवत जायचा. साठा एका पावलाइतका, म्हणजे १६.६७ मिलिसेकंदांचा झाला की गेमचं ‘अपडेट’ एकदा चालवायचं आणि तेवढा वेळ साठ्यातून वजा करायचा. साठा उरला असेल तर पुन्हा. सगळी अपडेट झाल्यावर ‘ड्रॉ’ एकदाच.

यात एक झडप हवीच. ब्राउझरचा टॅब मागे गेला की फ्रेम येणं थांबतं. वापरणारा दहा मिनिटांनी परतला तर साठ्यात ३६,००० पावलं जमलेली असतात, आणि ती एका दमात चालवायला गेलात तर टॅब गोठतो. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त चार-पाच अपडेट, उरलेला वेळ टाकून द्यायचा.

चित्र काढण्याचा भाग सोपा आहे आणि मजेचाही. स्क्रीन म्हणजे बाइटची एक रांग. क्ष आणि य या जागेच्या पिक्सेलचा बाइट शोधायचा तर य ला ६४ ने गुणायचं आणि क्ष चा निम्मा त्यात मिळवायचा. क्ष सम असेल तर बाइटचे खालचे चार बिट, विषम असेल तर वरचे चार. गेमला मेमरी थेट वाचू-लिहू द्यायची नसेल तर आतून खुशाल पिक्सेलला एक बाइट वापरा, कोड निम्मा होईल. मी मात्र मेमरी उघडी ठेवण्याच्या बाजूचा आहे. स्क्रीनची एक ओळ म्हणजे ६४ बाइट. त्या ओळी थोड्या डावी-उजवीकडे सरकवून लिहिल्या की पाण्यातलं प्रतिबिंब हलू लागतं. एखाद्याला हा शोध स्वतःचा स्वतः लागतो, तेव्हा तो त्या कन्सोलच्या प्रेमात पडतो.

रंगांच्या बाबतीत एक नियम पाळा: स्क्रीनच्या मेमरीत रंगाचा क्रमांकच असू दे, खरा रंग नको. क्रमांकाचं लाल-हिरव्या-निळ्यात रूपांतर अगदी शेवटी, पडद्यावर टाकताना. शिवाय चित्र काढतानाही १६ बाइटचा एक तक्ता मधे ठेवा: स्प्राइटमधला रंग ८ असेल तर प्रत्यक्षात कोणता उमटवायचा? या दोन तक्त्यांतून फार गोष्टी फुकट मिळतात. शत्रूला गोळी लागली की तक्त्यातले सगळे रंग क्षणभर पांढरे करा, तो चमकतो. एकाच स्प्राइटमधून लाल आणि निळा असे दोन संघ निघतात. शेवटच्या तक्त्यात रंग पायरीपायरीने गडद केले की पूर्ण पडदा मिटतो, आणि एकही पिक्सेल नव्याने काढावा लागत नाही.

इथे एक बारीक दोष जवळून दाखवतो, कारण तो महिनोन्‌महिने लपून राहतो. पात्राची जागा दशांशात असते, १०.३ वगैरे, आणि काढताना तिचा पूर्णांक करावा लागतो. सीमध्ये तुम्ही सरळ पूर्णांकात रूपांतर करता, जावास्क्रिप्टमध्ये पटकन बिटवाइज ऑर लावून मोकळे होता. दोन्हींत दशांश भाग शून्याच्या दिशेने छाटला जातो. ०.९ चं ० होतं ते ठीक, पण उणे ०.९ चंही ० होतं. म्हणजे उणे १ ते १ हा दोन पिक्सेलचा पट्टा सगळा शून्यावर येतो. पात्र पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर जाताना एका जागी दुप्पट वेळ रेंगाळतं, मग पुढे सरकतं. कॅमेरा वापरणाऱ्या गेममध्ये हे आणखी खटकतं, कारण एकाच वेगाने चालणारी दोन पात्रं क्षणभर एकमेकांपासून एक पिक्सेल सुटतात. म्हणून छाटायचं नाही, नेहमी खालच्या पूर्णांकाकडे उतरायचं, उणे ०.९ चं उणे १ झालं पाहिजे. हे रूपांतर कन्सोलच्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि चित्र काढणारी सगळी फंक्शनं त्याच्याकडूनच जाऊ द्या.

पडद्यावर मोठं करताना पूर्णांक पटच घ्या. १०८० ओळींच्या मॉनिटरवर १२८ चे आठपट १०२४ होतात, वर-खाली २८ ओळी काळ्या राहतात. त्या राहू द्या. सव्वाआठ पट केलंत तर काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात आणि चित्र सरकताना लाटा उठल्यासारख्या वाटतात.

भाषेसाठी लुआ घ्या. लहान आहे, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठीच घडवलेली आहे, आणि शिकणाऱ्याला एका दिवसात वाचता येते. स्वतःची भाषा हा सुंदर प्रकल्प आहे, पण तो वेगळा प्रकल्प आहे. भाषा लिहायला घेतली की चुका दाखवणारे संदेश, वापरून झालेली मेमरी परत मिळवणं, दस्तऐवज हे सगळं तुमच्याच गळ्यात येतं आणि कन्सोल वर्षभर मागे पडतो.

लुआ बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, फाइल आणि ऑपरेटिंग सिस्टिमची लायब्ररी उघडूच नका. अनोळखी माणसाची कार्ट्रिज, म्हणजे त्याच्या गेमची फाइल, चालवायची आहे; तिला फक्त तुम्ही दिलेली फंक्शनं दिसावीत. दुसरी, न संपणारा लूप. नवखा माणूस तो पहिल्या तासातच लिहितो, आणि त्याला खिडकी मारून टाकावी लागली तर त्याचं न साठवलेलं कामही जातं. लुआमध्ये ठराविक सूचनांनंतर तुमचं फंक्शन बोलावणारा हूक लावता येतो. दर दहा हजार सूचनांनी तो चालवा, फ्रेमचा कोटा संपला असेल तर तिथून चूक (एरर) फेका. कार्ट्रिजमधल्या पीकॉलने (चूक झाली तरी प्रोग्रॅम थांबू न देणारं लुआचं फंक्शन) ती चूक गिळली तर हूक पुढच्या वेळी पुन्हा फेकेल अशी खूण ठेवा. एक सावधगिरी: लुआजिट (लुआचा कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलणारी वेगवान आवृत्ती) वापरत असाल तर जिटने कंपाइल केलेल्या कोडमध्ये नेहमीच्या बांधणीत हे हूक चालत नाहीत. मी साधी लुआच वापरतो, १२८ × १२८ साठी तिचा वेग भरपूर आहे. मेमरीचंही तसंच. स्टेट तयार करताना स्वतःचं मेमरी-वाटप फंक्शन देता येतं. ठरलेल्या हद्दीपलीकडे त्याने नकार दिला की लुआ स्वतःच नीट चूक दाखवते.

तिसरी गोष्ट दिसायला किरकोळ आहे. लुआ ५.३ पासून पूर्णांक आणि दशांश हे वेगळे उपप्रकार झाले, आणि भागाकाराचं उत्तर नेहमी दशांश येतं. त्यामुळे १० भागिले २ पडद्यावर छापलं की ‘५.०’ दिसतं. गुणसंख्या अशी दिसली की शिकणारा गोंधळतो. तुमच्या छापणाऱ्या फंक्शनमध्येच दशांश भाग शून्य असेल तर तो गाळून टाका.

जावास्क्रिप्टच ठेवायची असेल तर कार्ट्रिज वेगळ्या वर्करमध्ये चालवा. मुख्य थ्रेडवर अडकलेला लूप बाहेरून थांबवता येत नाही. वर्कर बाहेरून बंद करता येतो.

बटणांसाठी एक बाइट पुरतो, प्रत्येक बटणाला एक बिट. आत्ताचा बाइट आणि मागच्या पावलाचा बाइट जपून ठेवला की ‘दाबून धरलंय’ आणि ‘नुकतंच दाबलं’ हे दोन्ही कळतं. फक्त एक करा: कळ दाबल्याची घटना आली की ती पुढच्या अपडेटपर्यंत धरून ठेवा. दोन पावलांच्या मधे कोणी झटकन दाबून सोडलं तर नुसती अवस्था वाचणाऱ्या कोडला ते दिसत नाही, आणि खेळणारा म्हणतो, ‘मी उडी मारली होती.’ त्याने खरंच मारलेली असते.

आवाज लोक शेवटी उरकून टाकतात. तसं करू नका, कारण छोट्या गेममध्ये जीव येतो तो आवाजाने. यंत्रणा अगदी साधी आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाच्या लाटेचे एकेका क्षणाचे आकडे), म्हणजे ६० च्या हिशेबाने फ्रेमला ७३५. प्रत्येक चॅनेलला एक फेज ठेवा, ० ते १ फिरणारी. दर नमुन्याला तिच्यात सुराची वारंवारता भागिले ४४,१०० मिळवत जा. फेज अर्ध्याखाली असेल तर वर, नाहीतर खाली, एवढ्यात चौकोनी लाट झाली. त्रिकोणी आणि करवती लाटा तशाच एकेका ओळीच्या. स्फोट, पावलं, वारा यांसाठी गोंगाट लागतो. त्याला १५ बिटचं एक रजिस्टर पुरे. खालच्या दोन बिटांचा एक्सऑर काढा (वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), रजिस्टर एक घर उजवीकडे सरकवा, एक्सऑरचं उत्तर सगळ्यात वरच्या जागी बसवा, तळाचा बिट हाच आवाज. ३२,७६७ पायऱ्यांनी क्रम पुन्हा फिरतो, आणि जुन्या कन्सोलचा तो खरखरीत फटाका जसाच्या तसा ऐकू येतो. सुरांसाठी मधल्या ए ला ४४० हर्ट्झ धरा. पुढचा प्रत्येक अर्धस्वर आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट.

दोन खाचखळगे. सूर बदलताना किंवा थांबवताना आवाजाची पातळी एकदम शून्यावर आणलीत तर ‘टक’ असा आवाज येतो. पातळी दोनेकशे नमुन्यांत, म्हणजे पाचेक मिलिसेकंदांत उतरवा, आणि नवा सूर लावताना फेज पुन्हा शून्य करू नका. दुसरं, नमुने गेमच्या लूपमधून तयार करू नका. एखादी फ्रेम उशिरा आली की बफर रिकामा पडतो आणि आवाज तुटतो. डोळ्याला जे कळत नाही ते कानाला लगेच कळतं. ध्वनियंत्रणा मागेल तेव्हा नमुने द्यायचे, गेमने फक्त ‘हा आवाज वाजव’ एवढी आज्ञा ठेवायची. ब्राउझरमध्ये वापरणाऱ्याने क्लिक किंवा कळ दाबल्याशिवाय आवाज सुरू होत नाही, म्हणून ‘सुरू करा’चा पडदा आधीच ठेवा.

कार्ट्रिजची फाइल सुरुवातीला साधी मजकुराची असू द्या: पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक, मग कोड, स्प्राइट, नकाशा, आवाज असे विभाग, चित्रांचे आकडे हेक्समध्ये. गिटमध्ये काय बदललं ते दिसतं आणि बिघडली तर हाताने दुरुस्त करता येते. गेम वाटण्यासाठी पिको-८ ची युक्ती मला अजूनही थक्क करते. तिथे कार्ट्रिज म्हणजे १६० × २०५ पिक्सेलचं एक पीएनजी चित्र. लाल, हिरवा, निळा आणि अल्फा या प्रत्येकाच्या सगळ्यात खालच्या दोन बिटांत माहिती लपवलेली असते, म्हणजे एका पिक्सेलमध्ये बरोबर एक बाइट. पिक्सेल होतात ३२,८००, आणि ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८. सगळा गेम चित्रात मावतो आणि वर थोडी जागा उरते. डोळ्याला फक्त वेष्टनावरचं चित्र दिसतं. तुम्ही हे केलंत तर वापरणाऱ्यांना बजावून सांगा, की चित्र जेपेग करणाऱ्या ठिकाणी चढवू नका. तिथे पहिले बळी हेच खालचे बिट पडतात.

एडिटर पहिल्या दोन महिन्यांत लिहू नका. स्प्राइट कोणत्याही चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काढा, कोड नेहमीच्या एडिटरमध्ये लिहा, आणि फाइल साठवली की कन्सोलने गेम आपोआप पुन्हा सुरू करावा एवढी सोय करा. ही सोय अर्ध्या दिवसाची आहे आणि काम कितीतरी हलकं करते. पुढे स्प्राइट एडिटर आधी घ्या, नकाशा मग. कोडचा एडिटर सगळ्यात शेवटी, कारण निवड, अनडू, शोध, क्लिपबोर्ड हे सगळं त्यात अपेक्षित असतं आणि त्यातलं एकही कच्चं चालत नाही.

त्यापेक्षा लवकर एक गोष्ट करा, जी फारच थोडे लोक करतात: खेळाची नोंद. यादृच्छिक आकडे तुमच्या स्वतःच्या फंक्शनमधून, ठरलेल्या बीजापासून येऊ द्या; त्यासाठी ३२ बिटची एक्सॉरशिफ्ट ही साधी पद्धत बस झाली. गेमला घड्याळ दाखवू नका, फक्त पावलांची संख्या दाखवा. मग बीज आणि प्रत्येक पावलाचा बटणांचा बाइट एवढ्यावरून पूर्ण खेळ तसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. एका मिनिटाच्या खेळाला ३६०० बाइट लागतात. मी जुन्या गेमच्या अशा नोंदी जपून ठेवतो, कन्सोलमध्ये काही बदललं की त्या सगळ्या चालवतो आणि शेवटच्या फ्रेमची मेमरी आधीच्या नोंदीशी ताडतो. वर सांगितलेला उणे दशांशाचा दोष दुरुस्त केला, तेव्हा कोणत्या दोन गेमनी त्याच दोषावर भिस्त ठेवली होती ते मला याच नोंदींनी दाखवलं.

पहिली आवृत्ती बाहेर देण्याआधी स्वतः तीन गेम पूर्ण करा: चेंडू-फळी, उड्या मारत जाण्याचा एक, आणि चौकोनांचं एखादं कोडं. पहिल्यात वेळ आणि आवाज, दुसऱ्यात नकाशा आणि टक्कर, तिसऱ्यात मजकूर आणि बटणं तपासून होतात. त्यानंतर फंक्शनचे अर्थ गोठवा. नवं फंक्शन नंतर घालता येतं, पण असलेल्याचा अर्थ बदलला की कोणाचा तरी गेम मोडतो. गोठवण्याआधी मात्र एखाद्या नवख्याला कन्सोलसमोर बसवा, शेजारी शांत बसा, आणि तो कोणती नावं टाइप करून बघतो ते लिहून घ्या. माझ्याकडे बटणांसाठी आधी एकच फंक्शन होतं; ‘धरलंय’ आणि ‘नुकतंच दाबलं’ ही दोन वेगळी फंक्शनं अशाच एका दुपारी आली, समोरच्या मुलीच्या पात्राने एका दाबात सलग पाच उड्या मारल्यावर.